दांड्यावरचे पीठ

आरोग्य खात्याला दिलेल्या निवेदनात उपाहारगृहाच्या मालकाने असे म्हटले होते: “आमच्या भाजलेल्या भाज्यांच्या सूपमध्ये कोणतेही वर्ज्य धान्य घातले जात नाही. पाव विभागात काम करणाऱ्या व्यक्तीने आपल्या सवयीप्रमाणे तव्याच्या गरम दांड्यावर भुरभुरलेले गव्हाचे पीठ अनवधानाने सूपमध्ये गेले असावे. सदर व्यक्तीस कामावरून दूर करण्यात आले आहे. झाल्या प्रकाराबद्दल आम्हांला अतीव खेद वाटतो.”

निवेदन वाचायला सुरेख आहे. फायलीत जाऊन निजण्यासाठीच जन्माला आलेली वाक्ये अशीच गुळगुळीत असतात. मात्र ती सोलू लागले की कांद्याची गत होते: पापुद्र्याखाली पापुद्रा, अखेरीस हातात काही नाही आणि डोळ्यांत पाणी, तेही दुसऱ्याच कोणाच्या तरी.

‘पाव विभाग’ म्हणजे स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीतली विटांची एक भट्टी आणि तिच्यासमोरचे एक लाकडी टेबल. ‘काम करणारी व्यक्ती’ म्हणजे मालकाची सख्खी धाकटी बहीण, जिला स्वयंपाकघरात सगळे ताई म्हणत. ‘आपल्या सवयीप्रमाणे’ हे तर या निवेदनाचे रत्न. ती सवय ताईची नव्हती. तो नियम होता, आणि तो घालून दिला होता खुद्द मालकाने. एकदा भट्टीतून काढून ठेवलेला तवा उचलताना त्याचाच तळहात भाजला होता. तेव्हापासून शिरस्ता पडला की तापलेला तवा बाहेर काढणाऱ्याने दांड्यावर चिमूटभर पीठ टाकायचे. दांडा पांढरा दिसला की हात लावायचा नाही. म्हणजे मालकाचा हात जपण्यासाठी काढलेला नियम आता मालकाची कातडी वाचवण्याच्या कामी आला होता. उपयुक्त वस्तूचे असेच असते, ती दोनदा वापरता येते.

राहिले ‘गेले असावे’. डोंगरावर धूर दिसला तर आग मानावी, हे जुन्या तर्कशास्त्राचे पहिले पान. इथे धूरही कोणी पाहिला नव्हता. दांडा होता, पीठ होते, सूप होते. तिघांना एका ओळीत उभे केले की अपराध आपोआप सिद्ध! इतक्या पुराव्यावर शेजाऱ्याच्या मांजरालाही शिक्षा देता येईल.

असे असूनही निवेदन टिकले, कारण ते ज्या एका खांबावर उभे होते तो खांब पक्का होता. ताईला ‘हे खोटे आहे’ असे म्हणता येत नव्हते.

समोरच्या गल्लीत घड्याळे दुरुस्त करणारी एक बाई होती. तिला गहू आणि जव वर्ज्य. कणभर पोटात गेला तरी गळा सुजून श्वास अडकायचा. बाहेर कुठे जेवायची तिला चोरीच होती. मालकाला, म्हणजे ताईच्या भावाला, ज्याला सारा गाव उस्ताद म्हणत असे, हे कळले तेव्हा त्याने छातीवर हात मारून सांगितले होते, “बाई, तुमच्यासाठी सूप करतो. पिठाचा कण नाही, आणि चमचा उभा राहील इतकं दाट!” आणि शब्द पाळला होता, हे मान्य करायला हवे. लाल भोपळा, गाजर, कांदा, लसूण, लाल ढोबळी मिरची हे सारे पाव निघाल्यानंतरच्या भट्टीत कडा काळपट होईपर्यंत भाजायचे, बिअर ओतून तव्याला चिकटलेले खरवडायचे, वाटायचे, आणि शेवटी क्रीम. बिअर नेहमी जवाची असते, म्हणून त्याने ज्वारीपासून काढलेली फिकट बिअर शोधून आणली. सगळ्याच गिऱ्हाइकांना तेच सूप मिळे. ताईने आपल्या बाजूने एवढेच केले की सूपच्या तव्यासाठी तांदळाच्या पिठाचा वेगळा डबा ठेवला आणि गव्हाच्या डब्याशेजारी मांडला.

शेजारी मांडला, तेवढेच चुकले. दोन्ही डबे पत्र्याचे, दोन्ही पिठे पांढरी. त्या दुपारी तवा बाहेर काढून तिने दांड्यावर पीठ टाकले हे तिला आठवत होते. कोणत्या डब्यातले, ते आठवत नव्हते. हात आपोआप गेला होता. थोड्या वेळाने बाहेर खुर्ची पडल्याचा आवाज झाला, आणि ताई धावली तेव्हा घड्याळवाली बाई जमिनीवर होती. ओठ सुजलेले, डोळे विस्फारलेले, स्वतःची औषधाची सुई स्वतःच्या मांडीत टोचण्यासाठी पिशवी चाचपडणारी. सुई ताईनेच टोचली. बाई वाचली.

त्या दिवसापासून ताई मनातल्या मनात तो हात पुन्हा पुन्हा डब्याकडे जाताना पाहत होती. कधी तो डावीकडे जाई, कधी उजवीकडे.

“वन्सं, माफी मागून मोकळ्या व्हा ना,” वहिनी म्हणाली होती. “चूक काय मुद्दाम केली का कोणी? यांच्या नावाला बट्टा लागला तर सगळ्यांचंच ताट पालथं होईल.”

“आणि माझं?”

“तुम्हाला काय, घरात दोन वेळचं कुणी नाही म्हणतंय का?”

पण प्रश्न दोन वेळच्या जेवणाचा नव्हता. निवेदन खरे ठरले तर भट्टी कायमची बंद होणार होती, आणि ताईवर अन्न हाताळण्याची जन्माची बंदी येणार होती. या उपाहारगृहातच नव्हे, कुठेच. पीठ मळण्यापलीकडे जिला दुसरे काही करावेसे वाटले नाही, तिचे हात तिच्याच खांद्यांना अनोळखी होऊन लोंबणार होते. भट्टीच्या दाराला खात्याची तार आणि लाखेची मोहोर आधीच लागली होती.

तपासनीस बाई मात्र निवेदन वाचून समाधान पावणाऱ्यांतली निघाली नाही. सूपचा नमुना मागितला तर पातेले घासून लख्ख केलेले होते. मग तिने एका बंदच्या दिवशी सर्वांना बोलावले आणि म्हणाली, “तेच सूप पुन्हा करा. त्याच भांड्यात, त्याच हातांनी. मी बघणार.”

मोहोर तोडून भट्टी पेटवली गेली. बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या होत्या. स्वयंपाकघराच्या दारात, धोका नको म्हणून नाकातोंडाला रुमाल बांधून, घड्याळवाली बाई बसली होती. तिला यायची सक्ती नव्हती, पण ती आली. मोरीपाशी भांडी घासणारा पन्नाशीचा गडी उभा होता. त्याला भोंगा म्हणत, कारण त्याला कुजबुजता येत नसे.

“ताई, घाबरू नका!” भोंग्याने कुजबुजून सांगितले, आणि ते रस्त्यावरही ऐकू गेले.

उस्तादाने कांदे सोलायला घेतले. एरवी तो नाकाने कांदे सोलणारा. आज हाताने सोलत होता, आणि फार व्यवस्थित सोलत होता. भोपळ्याच्या फोडी एकसारख्या, गाजरे तिरपी, लसणाचा गड्डा अख्खा. तेल, मीठ, मिरी. मोठा लोखंडी तवा भट्टीत सरकवताना तो तपासनीस बाईला म्हणाला, “माणूस आहे, मॅडम. चुकतं माणूस. मी तिला एका शब्दाने बोललो नाही. विचारा तिला.”

“बोलला नाहीस,” ताई म्हणाली. “लिहून दिलंस.”

“बघा! अजून पीळ जात नाही.”

भाज्या भाजू लागल्या. कांद्याचा गोड वास आधी आला, मग भोपळ्याचा, मग मिरचीची साल करपल्याचा तो जरा कडवट, जरा धुरकट वास. एरवी या वासाने ताईला भूक लागे. आज तिने भट्टीकडे पाठ फिरवली.

“आता त्या दिवशी केलंत तसंच करा,” तपासनीस बाई म्हणाली.

ताईने जाड फडक्याने तवा ओढून ओट्यावर ठेवला आणि डब्यांकडे वळली. हात पुढे झाला, आणि दोन्ही डब्यांच्या मधोमध थांबला. तिने मन काढून घ्यायचा प्रयत्न केला, भिंतीकडे पाहिले, डोळे मिटले. हात तिथेच. चौघेजण ज्या हाताकडे टक लावून पाहतात त्या हाताला सवय आठवत नाही; त्याला फक्त भीती आठवते.

“बघितलंत?” उस्ताद हळूच म्हणाला. आवाजात काळजी होती. ती काळजी ऐकून ताईच्या अंगावर काटा आला, कारण लहानपणी काचेची बरणी फोडून तिच्या हातात झाकण देताना त्याचा आवाज अगदी असाच मऊ झाला होता.

तिने तांदळाचा डबा उघडला, दांड्यावर पीठ टाकले. तपासनीस बाईने वाकून पाहिले. दोनतीन कण तव्याच्या कडेवर होते. आत गेले असते का? गेले असते. गेले नसते का? तेही शक्य होते.

“यावरून काही ठरत नाही,” ती म्हणाली. “पुढे.”

उस्तादाने फिकट बिअरची बाटली सर्वांना दिसेल अशी धरली, लेबल वळवून दाखवले, उघडली. तव्यात ओतताच चर्रर्र झाले, वाफ उठली, पांढरा फेस आला आणि लगेच बसला. लाकडी उलथन्याने त्याने तळाचे तपकिरी खरवडले, सगळे पातेल्यात घेतले, गरम पाणी घातले, उकळी काढली, वाटून गाळले. मग पातेले आचेवरून उतरवून, क्रीममध्ये आधी डावभर गरम सूप मिसळून, ते क्रीम बारीक धारेने आत सोडले. क्रीम फाटले नाही. हात अजून उत्तम होता, त्याबद्दल वाद नाही. सूप सोनेरी, केशरी, गुळगुळीत झाले.

“हे घ्या,” उस्ताद म्हणाला. “हेच ते.”

दारातून रुमालाआडून आवाज आला, “रंग हा नव्हता.”

सगळे वळले. घड्याळवाली बाई उठून उभी राहिली होती, पण उंबऱ्याच्या आत आली नाही. “मला चव सांगता यायची नाही. तीन चमच्यांत काय कळणार? पण दिवसभर मी पितळेचे काटे बघते. हा रंग नवीन पितळेचा आहे. त्या दिवशीचा जुन्या पितळेचा होता. काळपट.”

“गळा आवळला गेला की माणसाला सगळंच काळं दिसतं, बाई,” उस्ताद म्हणाला. “मिरची जास्त भाजली असेल.”

पण ताईच्या डोक्यात कुठेतरी किल्ली फिरली होती. काळपट. गव्हाच्या पिठाने, ते दोन कण असोत की मूठभर, सूप काळे होत नाही. झालेच तर पांढुरके होते. तिने त्या दिवसाकडे पहिल्यांदाच दांडा सोडून पाहिले. त्या दिवशी खिडकीजवळच्या मोठ्या टेबलावर खवय्यांच्या मंडळाचे लोक आले होते, जे वर्षातून एकदा गावातल्या एकाच उपाहारगृहाला मान देतात. उस्ताद सकाळपासून कोणाला जवळ फिरकू देत नव्हता. आणि सूप बाहेर गेल्यावर...

“भोंगा,” ती म्हणाली, “त्या दिवशी डाव चाटलास ना तू?”

भोंगा कानापर्यंत लाल झाला. “घासायच्या आधी! घासायच्या आधी चाटला, ताई! सगळेच चाटतात!”

“कसं होतं?”

“काय सांगू! आत गेलं आणि खरपूस, गोड, कॉफीसारखं कायतरी मागे राहिलं. टेबलावरनं निरोप आला होता ना, उस्ताद, असं सूप जन्मात खाल्लं नाही म्हणून? तुम्हीच मला सांगितलंत, भोंग्या, आज माझ्या हातावर...”

“तोंड बंद कर,” उस्ताद म्हणाला.

“आता हे चाख,” ताई म्हणाली.

भोंग्याने चाखले. त्याने उस्तादाकडे पाहिले, ताईकडे पाहिले, छताकडे पाहिले. एरवी खिडकीची तावदाने हलवणारा माणूस मूग गिळून बसला.

आपल्या भावाला ताई चांगली ओळखत होती. त्याला खोटे बोलण्याची लाज वाटत नसे. आळ दुसऱ्याच्या पदरात टाकण्याचीही नाही. वड्याचे तेल वांग्यावर काढण्यात त्याचे आयुष्य गेले होते. त्याला लाज वाटे ती एकाच गोष्टीची. कोणी त्याच्या हाताच्या पदार्थाला ‘बरा आहे’ म्हटले, तर तो रात्रभर झोपत नसे. आज त्याने स्वतःला मोठ्या पेचात घातले होते: सूप जितके साधे, तितका तो निर्दोष. निर्दोष राहण्यासाठी त्याला सगळ्यांसमोर सामान्य ठरायचे होते. आतापर्यंत ते त्याने सहन केले होते, कारण कोणी तसे म्हटले नव्हते.

तिने एका वाटीत सूप घेतले, चमचाभर तोंडात घोळवले आणि वाटी खाली ठेवली.

“पाणचट झालंय, दादा.”

“काय?”

“पाणचट. भोपळा उकडून क्रीम घातल्यासारखं. वाईट नाही. आजाऱ्याला द्यायला ठीक आहे.”

“ताई, उगाच...”

“मॅडम, तुम्ही चाखा ना.”

तपासनीस बाईने चमचा घेतला. ती खोटे बोलली नाही. सूप खरोखरच तेवढेच होते. “ठीक आहे,” ती म्हणाली. “घरीही होतं असं.”

उस्तादाच्या मानेवरची शीर उडू लागली. त्याने फडके उचलले, घडी घातली, परत मोडली.

“वय झालं की हात उतरतो,” ताई म्हणाली. तिचा स्वतःचा आवाज तिला दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता, थंड आणि सरळ. “त्यात काय लाजायचं? त्या दिवशीचं सूप नशिबाने जमून गेलं. मंडळाचे लोक परत येतील तेव्हा त्यांना सांग, एकदाच जमलं होतं. पुन्हा नाही जमत.”

“नशिबाने?” उस्ताद म्हणाला.

“मग काय? सगळं तेच घातलंस म्हणतोस. भाज्या त्याच, बिअर तीच, क्रीम तेच. चव नाही आली. म्हणजे फरक हातात.”

“हाताला नाव ठेवू नकोस.”

“मी कुठे ठेवते? सूप ठेवतंय.”

भोंगा खुदकन हसला. तो भीतीने हसला असावा, पण हसला, आणि त्याचे हसणे म्हणजे त्याचे कुजबुजणेच.

उस्तादाने फिकट बिअरची रिकामी बाटली उचलून ओट्यावर आपटली. ती फुटली नाही, फिरत फिरत मोरीपर्यंत गेली. “या गोमूत्रात कुणाच्या बापाला जमणार आहे ते?” तो ओरडला. “ही बिअर आहे? फेससुद्धा उभा राहत नाही हिचा! काळी घातल्याशिवाय भाजलेल्या भोपळ्याला बूड येत नाही, हे तुला पाव थापणारीला काय कळणार? मंडळाच्या माणसांपुढे मी हे ठेवू? हे?”

पातेल्यातल्या सूपवर धरलेल्या सायीला सुरकुती पडली. उस्तादाने तोंड मिटले. पण शब्द बाहेर पडला होता, आणि तोंडातून गेलेला शब्द क्रीमसारखा असतो. एकदा मिसळला की परत काढता येत नाही.

दारात घड्याळवाली बाई हळूच खाली बसली.

“काळी म्हणजे कोणती?” तपासनीस बाईने विचारले. आवाज चढवला नाही.

उस्तादाने ताईकडे पाहिले. तिने खाली पाहावे, अशी त्याची अपेक्षा असावी. आजवर ती पाहत आली होती. या वेळी तिने पाहिले नाही.

“दादा,” ती म्हणाली, “तुला माहीत होतं? मी इतके दिवस त्या डब्यांसमोर उभी राहून वेडी होत होते, तेव्हा तुला माहीत होतं?”

त्याने स्टूल ओढले, बसला, हात गुडघ्यांवर ठेवले. तो रडला नाही आणि त्याने क्षमाही मागितली नाही. तपासनीस बाईने कागद पुढे घेतला आणि त्याला सावकाश बोलायला सांगितले. त्याने सांगितले ते तिने शब्दशः उतरवून घेतले, आणि त्याखाली त्याने सही केली:

“काळी बिअर मीच ओतली. ती जवाची आहे हे मला ठाऊक होतं. पण उकळलं की बिअर उडून जाते, नुसती चव राहते, असं मी जन्मभर धरून चाललो. जवही तसाच उडेल, असं वाटलं. त्या दिवशी मला मान हवा होता, आणि एका बाईसाठी वेगळं पातेलं लावायचा मला कंटाळा आला. ती कोसळली तेव्हाच मला कळलं काय झालं ते, म्हणून आधी पातेलं घासून घेतलं. पिठाचं नंतर सुचलं. बहिणीचं नाव घातलं, कारण भोंग्याचं घातलं असतं तर तो ओरडला असता. ही ओरडत नाही. माझ्यावर संशय घेण्याआधी ही स्वतःवर घेते, हे मला लहानपणापासून माहीत आहे.”